एक गाडी बंद पडते तेव्हा

नाशिकरोडला राहणाऱ्या आणि इगतपुरीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आमच्या परिचयाच्या आहेत. रोज सकाळी गाडीने जायचे आणि संध्याकाळी गाडीने परतायचे, असा त्यांचा शिरस्ता. एका सकाळी अस्वली आणि घोटीच्या दरम्यान एक मालगाडी बंद पडली. बाई शाळेत पोहोचल्या तेव्हा तिसरा तास संपत आला होता. सहामाही परीक्षा तोंडावर आलेली, त्यामुळे बुडालेले दोन तास भरून कसे काढायचे ही चिंता होतीच. त्यात दहावीच्या एका मुलाने विचारले, "बाई, बंद पडलेली गाडी तर तासाभरात निघाली म्हणता. मग दुपारपर्यंत सगळ्याच गाड्या का रखडल्या?" बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, की हे मलाही नीट माहीत नाही. मग त्यांनी तो प्रश्न आमच्याकडे पाठवला.

प्रश्न चांगला आहे. आपण बहुतेक जण या वेळी 'नियोजन नाही' असे म्हणून मोकळे होतो. नियोजनात उणिवा असतीलही. पण नियोजन अगदी निर्दोष असले तरी एक तासाच्या खोळंब्यातून पाच तासांचा विस्कोट होऊ शकतो, आणि तो का होतो हे इयत्ता दहावीच्या गणितात मांडता येते. त्याआधी मात्र गाडी चालते कशी आणि थांबते कशी हे पाहावे लागेल.

रस्ता आणि रूळ

मुंबई-आग्रा महामार्गावर ट्रक बंद पडला तर मागचे वाहन जरा बाजूने निघून जाते. गाडीला ही सोय नाही. चाकाच्या आतल्या बाजूची कड तिला रुळावर धरून ठेवते, त्यामुळे तिला पुढे किंवा मागे एवढ्या दोनच दिशा माहीत. एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायचे तर सांधे लागतात, आणि सांधे असतात ते मुख्यतः स्थानकांत. नाशिकरोड सोडले की देवळाली, लहवीत, अस्वली, पाडळी, घोटी आणि मग इगतपुरी. यांतल्या कोणत्याही दोन स्थानकांच्या मध्ये गाडी उभी राहिली, की तेवढा पट्टा त्या दिशेने बंद.

मग असा अडेल मार्ग माणसाने पत्करला कशासाठी? पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा दोघांचाही आकार फारच थोडा दबतो, म्हणून विरोध अगदी कमी असतो. सपाट मार्गावर एक टन वजन ओढत ठेवायला गाडीला साधारण दोन-तीन किलोग्रॅम-भार एवढे बळ पुरते. रबरी टायरवर चालणाऱ्या ट्रकला याच्या तिप्पट-चौपट लागते. म्हणूनच एक इंजिन हजारो टन माल ओढू शकते. पण जो गुळगुळीतपणा ओढताना उपकारक, तोच थांबताना नडतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक ०.७ च्या घरात असतो. पोलाद आणि पोलाद यांच्यात तो ०.२५ च्या आसपास, आणि पावसाची नुकती भुरभुर सुरू झाली असेल तर ०.१५ पर्यंतही उतरतो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. प्रवासी गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने, येत आहे. ब्रेक पूर्ण लावल्यावर तिचा वेग दर सेकंदाला ०.५ मीटर प्रतिसेकंद एवढा घटतो असे धरू. वेगाच्या वर्गाला ऋण प्रवेगाच्या दुपटीने भागले की थांबायला लागणारे अंतर येते: ७७० मीटरहून थोडे अधिक. भरलेली मालगाडी यापेक्षा संथ असते, पण तिचे वजन चार हजार टनांच्याही वर जाते. ताशी ६० किलोमीटर वेग आणि ०.२ ऋण प्रवेग धरला तर अंतर येते सुमारे ७०० मीटर. घोटीजवळच्या वळणावर किंवा पावसाळी धुक्यात ड्रायव्हरला दिसते किती? कधी तीनशे मीटर, कधी शंभर.

म्हणजे समोर काही दिसल्यावर थांबायचे, ही रस्त्यावरची रीत गाडीला चालतच नाही. तिला थांबायचे असेल तर ते आधी कळले पाहिजे. सिग्नल आणि खंडपद्धती यांचा जन्म या एका गरजेतून झाला. मार्गाचे खंड पाडायचे आणि एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढची गाडी संपूर्णपणे, शेवटच्या डब्यासह, पुढच्या स्थानकात पोहोचली याची खात्री झाल्याशिवाय मागच्या गाडीला सिग्नल द्यायचा नाही. शेवटच्या डब्यावर फुलीची खूण आणि रात्री लाल दिवा असतो तो यासाठीच. तो दिसला म्हणजे गाडी पुरी आली, मध्ये कुठे तुटून राहिली नाही.

तेव्हा बाईंची गाडी अस्वलीच्या अलीकडे उभी होती ती कोणाच्या गाफीलपणामुळे नव्हे. ती नियमाने जिथे उभी असायला हवी तिथेच उभी होती.

त्या तासाभरात काय चालले होते

डब्यात बसलेल्याला वाटते, की पुढे कोणी काही करतच नाही. प्रत्यक्षात काय होते ते पाहू.

आजच्या गाड्यांना हवेच्या दाबाचे ब्रेक असतात. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एक नळी गेलेली असते आणि तिच्यात दर चौरस सेंटीमीटरला ५ किलोग्रॅम एवढा दाब राखलेला असतो. गंमत अशी, की या नळीत हवा भरली की ब्रेक लागत नाहीत, सुटतात. हवा सोडली की लागतात. हे उलटे वाटते. पण नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले किंवा कोणी साखळी ओढली, तर हवा निघून जाते आणि कोणी काही न करताही सगळे ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला तर यंत्रणा धोक्याकडे न झुकता थांबण्याकडे झुकावी, असा विचार यामागे आहे. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी १८७० च्या दशकात ही स्वयंचलित रचना प्रचारात आणली आणि तिचे मूळ तत्त्व अजून बदललेले नाही.

या सुरक्षिततेची किंमत वेळेत मोजावी लागते. पन्नास-साठ वाघिणींच्या मालगाडीत कुठे तरी एक रबरी जोडनळी फाटली, की गाडी जागच्या जागी जखडली. फाटली कुठे हे शोधायला कोणाला तरी पायी जावे लागते. मालगाडीची लांबी साधारण सातशे मीटर. खडीवरून, कडेचा उतार सांभाळत, प्रत्येक वाघिणीखाली वाकून पाहत जायचे म्हणजे पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. दोष सापडला, नळी बदलली, तरी एवढ्या लांब नळीत पुन्हा दाब भरेपर्यंत आणखी काही मिनिटे लागतात. प्रवासी गाडीत साखळी ओढली तरी हेच. ज्या डब्यात ओढली तो शोधून तिथला खटका पूर्ववत केल्याशिवाय गाडी हलत नाही. सहज म्हणून साखळी ओढणाऱ्याला हा हिशेब ठाऊक नसतो.

बिघाड इंजिनात असेल तर ड्रायव्हर आधी स्वतः खटपट करतो. कधी वरच्या तारेला टेकणारा सांगाडा मोडतो आणि तारच ओरबाडतो. मग त्या भागाचा वीजपुरवठा तोडावा लागतो आणि शेजारचा मार्गही अडकण्याची शक्यता असते. कधी काहीच बिघडलेले नसते. वीजपुरवठ्याचे दोन विभाग जिथे जुळतात तिथे थोडा पट्टा बिनविजेचा ठेवलेला असतो. गाडी तो वेगाच्या जोरावर ओलांडते. नेमकी तिथेच थांबली तर धडधाकट इंजिनही लाचार होते.

खटपट फसली की ड्रायव्हर मदतीचे इंजिन मागतो. इथे एक नियम आम्हांला फार अर्थपूर्ण वाटतो. एकदा मदत मागितली, की नंतर इंजिन दुरुस्त झाले तरी ड्रायव्हरने परस्पर गाडी हलवायची नाही. कारण मदतीचे इंजिन आता त्याच खंडात, अमुक किलोमीटरच्या खांबाजवळ गाडी उभी आहे हे गृहीत धरून, सोडले जाणार असते. गाडी तिथे नसेल तर ते गृहीतच धोक्याचे ठरेल. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, इंजिन तर सुरू झाले, हे लोक बसलेत कशाला?

दरम्यान गार्ड (२०२२ पासून त्यांचे अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर झाले आहे) मागे चालत जाऊन रुळावर इशाऱ्याचे फटाके लावतो: ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. मघाशी आपण थांबण्याचे जे अंतर काढले त्याच्याशी हे आकडे ताडून पाहा. ड्रायव्हर इंजिनावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा लावतो. तो शेजारच्या रुळावरून समोरून येणाऱ्या गाडीसाठी असतो.

शेजारच्या रुळाचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट वर्गात आवर्जून सांगावी असे आम्हांला वाटते. गाडी थांबली की लोक कंटाळतात आणि खाली उतरतात. २२ जानेवारी २०२५ रोजी जळगाव जिल्ह्यात, परधाडे आणि माहेजी या स्थानकांच्या दरम्यान, मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली आणि काही प्रवासी घाबरून शेजारच्या रुळांच्या बाजूला उतरले. त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. किमान १२ जणांचे प्राण गेले. बंद पडलेल्या गाडीचा रूळ सुरक्षित असतो, कारण तो खंड तिच्या एकटीचा असतो. शेजारचा खंड मात्र तिचा नसतो. तिथे ताशी १०० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला पाऊण किलोमीटर हवे. उतरणाऱ्याला मिळतात फार तर दहा-पंधरा सेकंद, तेही तो त्या बाजूला पाहत असेल तर.

घाट

नाशिकच्या प्रवाशाला दुसरी अडचण भूगोलाची आहे. मुंबई-ठाणे गाडी १८५३ साली सुरू झाली, पण सह्याद्री चढून इगतपुरीला यायला १८६५ चा जानेवारी उजाडावा लागला. जी. आय. पी. रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला थळ घाटाचा हा मार्ग (आपण त्याला कसारा घाट म्हणतो) पुरा झालेला पाहायला ते स्वतः हयात नव्हते; १८६२ मध्येच ते वारले. कसारा ते इगतपुरी या सुमारे पंधरा किलोमीटरांत मार्ग जवळजवळ तीनशे मीटर चढतो. सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे.

३७ ला १ म्हणजे किती? ७४ सेंटीमीटर लांबीची फळी टेबलावर ठेवा आणि तिचे एक टोक २ सेंटीमीटर उचला. मुलांना ती तिरपी आहे हे पटवावे लागेल. सायकलवाला हा चढ न उतरता चढेल. पण गाडीच्या दृष्टीने पाहा. या चढावर प्रत्येक टनामागे १००० भागिले ३७, म्हणजे २७ किलोग्रॅम-भार एवढे वजन तिला मागे खेचते. सपाटीवरच्या तिनात हे मिळवले तर ३०. सपाटीच्या दसपट!

बावीस डब्यांची प्रवासी गाडी ११०० टन आणि इंजिन १२० टन धरू. १२२० गुणिले ३० म्हणजे साडेछत्तीस टन-भार एवढी ओढ हवी. इंजिन किती ओढू शकेल? त्याची शक्ती कितीही असो, चाके घसरू न देता ते स्वतःच्या वजनाच्या पाव पटच ओढू शकते, म्हणजे ३० टन-भार. पावसात तर १८. तेव्हा एक इंजिन अपुरे. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे आणखी इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. दोन बँकर लावले की वजन १४६० टन होते, ओढ लागते सुमारे ४४ टन-भार, आणि तीन इंजिनांची मिळून पकड होते ९०. ओल्या रुळावरही ५४. हे सारे आकडे आम्ही सोपेपणासाठी गोलाकार घेतले आहेत, पण तर्क हाच आहे. बँकर मागे लावण्यात आणखी एक शहाणपण आहे. मध्येच जोडणी तुटली तर मागचे डबे उताराने पळत सुटत नाहीत. (मुंबईहून घाट चढणाऱ्या गाडीला रेल्वेच्या भाषेत 'डाउन' म्हणतात आणि घाट उतरणारीला 'अप'. मुलांचा यावरून हमखास गोंधळ होतो. इथे वर-खाली हे उंचीवरून ठरत नाही, मुंबईकडे जाणारी ती अप.)

घाटात गाडी बंद पडली की सगळेच कठीण होते. हवेचा ब्रेक कायम टिकत नाही, हवा हळूहळू झिरपते. म्हणून फार वेळ उभे राहायचे झाले तर वाघिणींचे हातब्रेक एकेक करून आवळावे लागतात आणि निघताना एकेक करून सैल करावे लागतात. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायला मदतीची इंजिनेही जास्त हवीत. सुदैवाने घाटात तीन मार्ग आहेत, त्यामुळे एक अडला तरी वाहतूक साफ बंद पडत नाही. तरी १० डिसेंबर २०२३ च्या संध्याकाळी कसाऱ्याजवळ घाट चढणाऱ्या मालगाडीच्या काही वाघिणी घसरल्या, तेव्हा नाशिककडे येणाऱ्या गाड्यांचे काय हाल झाले ते अनेकांच्या आठवणीत असेल. घसरणे हा अर्थात वेगळा प्रकार. तिथे क्रेन लागते, रूळ आणि स्लीपर बदलावे लागतात, तासांच्या जागी दिवस लागू शकतो. ३ एप्रिल २०२२ रोजी लहवीत-देवळालीच्या दरम्यान पवन एक्सप्रेसचे डबे घसरले तेव्हाही तसेच झाले होते. नुसती बंद पडलेली गाडी त्या मानाने साधी बाब. तरीही ती दिवस का बिघडवते, हा त्या मुलाचा मूळ प्रश्न होता.

तासाचे पाच तास

आता आलेख-कागद घ्या. अस्वलीच्या पुढच्या खंडातून एका दिशेने दर १० मिनिटांनी एक गाडी जाऊ शकते असे समजा. आठ किलोमीटरला आठ मिनिटे, आणि गाडी पोहोचल्याची खात्री करून पुढचा सिग्नल द्यायला दोन. प्रत्यक्ष गाड्या मात्र दर १२ मिनिटांना येतात. म्हणजे प्रत्येक गाडीमागे दोन मिनिटांची उसंत आहे. सगळे सुरळीत चालले आहे. आता हा खंड ६० मिनिटे बंद झाला.

तासाभरात पाच गाड्यांची रांग लागली. खंड खुला झाला. पुढच्या एका तासात सहा गाड्या निघतील, पण तेवढ्यात नव्या पाच येऊन मागे उभ्या राहतील. म्हणजे तासाभरात रांग फक्त एका गाडीने घटली. पाच गाड्यांची रांग संपायला पाच तास लागणार. बंद एक तास, परिणाम पुढचे पाच तास. सकाळी साडेसातला अडलेला मार्ग साडेआठला मोकळा झाला, तरी दुपारी दीडपर्यंत येणारी प्रत्येक गाडी उशिरा. मुलाच्या 'दुपारपर्यंत'चे उत्तर हे.

आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर गाड्यांची एकूण संख्या घेऊन 'आलेल्या गाड्या' आणि 'गेलेल्या गाड्या' अशा दोन रेषा काढल्या तर हे डोळ्यांना दिसते. पहिली रेषा सरळ चढत जाते. दुसरी तासभर आडवी राहते आणि मग किंचित अधिक चढाने निघते. दोघींच्या चढांत फरक थोडा, म्हणून त्या भेटतात फार दूर जाऊन. मधला लांबुडका त्रिकोण म्हणजे सगळ्या प्रवाशांचा वाया गेलेला वेळ.

आता एकच आकडा बदला. गाड्या १२ ऐवजी १५ मिनिटांनी येत असत्या तर? तासात चार गाड्यांची रांग, आणि पुढे दर तासाला सहा जाणार, चार येणार. दोन तासांत सगळे पूर्ववत. आणि ११ मिनिटांनी येत असत्या तर? करून पाहा, उत्तर १० तास येते. म्हणजे १५ वरून ११ वर येताना गाड्या वाढल्या एक-तृतीयांशाने, पण सावरायला लागणारा वेळ झाला पाचपट. आणि दर १० मिनिटांनीच गाडी येत असेल तर दोन्ही रेषा समांतर होतात. रात्री गाड्या विरळ होईपर्यंत त्या भेटणारच नाहीत.

आमच्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. मार्गाचा 'पुरेपूर वापर' ही ऐकायला चांगली गोष्ट आहे, पण मोकळी राहिलेली ती दोन मिनिटे वाया गेलेली नसतात. बिघाड भरून निघतो तो त्यांतूनच. कसारा-आसनगाव पट्ट्यात तर लोकल आणि लांबच्या गाड्या तेच रूळ वाटून घेतात. सणासुदीला जादा गाड्या सोडल्या की उसंत आणखी घटते. २०१५ च्या सिंहस्थात त्या सोडल्या होत्या, २०२७ च्या सिंहस्थालाही लागणारच. गाड्या सोडू नयेत असे आमचे म्हणणे नाही. पण त्या दिवसांत तोच एक तासाचा बिघाड अधिक महाग पडेल, हे वरच्या आकड्यांतून आधीच सांगता येते.

त्रिकोणातून आणखी एक गोष्ट निघते. दर १२ मिनिटांच्या उदाहरणात पहिली गाडी ६० मिनिटे थांबते, दुसरी ५८, तिसरी ५६. ही अंकगणिती श्रेढी आहे. ६० पासून २ पर्यंत बेरीज केली तर ३० गाड्यांचा मिळून उशीर ९३० मिनिटे येतो. मार्ग अर्धाच तास बंद असता तर बेरीज ३० पासून २ पर्यंतची, म्हणजे २४०. दोन तास बंद असता तर ३६६०. बंद राहण्याचा काळ दुप्पट झाला की एकूण उशीर जवळजवळ चौपट होतो. त्रिकोणाचा पाया आणि उंची दोन्ही दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट, इतकी साधी ही गोष्ट आहे. म्हणूनच ड्रायव्हरने किती मिनिटे स्वतः खटपट करायची आणि मदत कधी मागायची, याला एवढे महत्त्व असते.

मग उलट दिशेचा रूळ वापरून गाड्या काढत का नाहीत? काढतात, पण ते दिसते तितके फायद्याचे नसते. एकाच रुळावरून दोन्ही दिशांच्या गाड्या आळीपाळीने सोडायच्या म्हणजे प्रत्येक दिशेला २० मिनिटांत एक गाडी, त्यात वेगळ्या परवान्याचा आणि कमी वेगाचा वेळ जास्तीचा. येणार दर १२ मिनिटांनी. मग रांग दोन्ही बाजूंना लागते, आणि ज्यांचा मार्ग धडधाकट होता तेही उशिरा पोहोचतात. बिघाड अर्ध्या तासात निघेल असे वाटत असेल तर थांबणेच बरे. चार तास लागणार असतील तर हा खटाटोप करावाच लागतो. कंट्रोलमध्ये बसलेल्या माणसाला हा निर्णय अपुऱ्या माहितीवर, पहिल्या काही मिनिटांत घ्यायचा असतो. आमची त्याच्याविषयी एकच तक्रार आहे. थांबलेल्या गाडीतल्या हजार-बाराशे माणसांना खरी स्थिती सांगायला फारसा वेळ लागत नाही, आणि ती सांगितली तर खाली उतरणारे निम्मे होतील.

बाईंच्या पत्रात शेवटी आणखी एक ओळ होती: संध्याकाळची परतीची गाडीही पाऊण तास उशिरा होती, पण ती तर मुंबईहून येणारी. तिचा या बिघाडाशी काय संबंध? संबंध असा, की गाड्यांचे रेक फिरते असतात. सकाळी मुंबईला गेलेले डबेच पुष्कळदा धुऊन-पुसून दुसऱ्या गाडीचे नाव घेऊन परत निघतात. ड्रायव्हर-गार्डांच्या कामाच्या तासांनाही मर्यादा असते. वाटेत अडकलेल्यांची पाळी संपली तर त्यांच्या जागी दुसरे यावे लागतात, आणि ते कदाचित दुसऱ्याच रखडलेल्या गाडीत असतात. अशा रीतीने अप मार्गावरचा उशीर फलाटावर वळून डाउन मार्गाने घरी येतो. वेळापत्रकात यासाठी थोडी शिल्लक ठेवलेली असते. कोणत्याही लांबच्या गाडीचे शेवटच्या दोन थांब्यांमधले मिनिट मोजा आणि उलट दिशेने येताना तेच अंतर तोडायला दिलेले मिनिट मोजा. बहुतेक वेळा मुक्कामाला पोहोचणाऱ्या गाडीला जास्त वेळ दिलेला आढळेल. ती जागा उशीर जिरवण्यासाठी आहे. पाऊण तास जिरावा एवढी मात्र ती नसते.

बाईंनी हा सारा हिशेब फळ्यावर न मांडता वर्गाच्या दाराशी करून पाहिला, असे त्यांनी नंतर कळवले. मिनिटाचा सेकंद केला. एक मुलगा घड्याळ घेऊन बसला. दर १२ सेकंदांनी एक मूल दाराशी येणार आणि दार दर १० सेकंदांनी एकालाच बाहेर सोडणार. पहिले मूल आले त्याच क्षणी दार ६० सेकंद बंद ठेवले आणि मग उघडले. बाहेर पडलेली मुले वळसा घालून खिडकीशी थांबली आणि आपण किती सेकंद थांबलो ते कागदावर लिहीत गेली: ६०, ५८, ५६. मधे दोघे जण चुकले, एकदा घड्याळवालाच हसू लागला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. वर्गात मुले एकतीस होती. तिसाव्याच्या कागदावर २ होते. एकतीसावी मुलगी दाराशी आली, तिला थांबावेच लागले नाही, आणि तिने विचारले, "बाई, मी काय लिहू?"